दशरथचा लॅपटॉप आणि माझी गिरणी

परवा पुतण्या घरी आला होता. नवा लॅपटॉप मांडीवर घेऊन तोंड पाडून बसला होता. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, "काकू, गेम अडकतायत. ह्यात ग्राफिक्स कमी आहे आणि लॅपटॉपमध्ये ते नंतर वाढवता येत नाही." मी भाकरी थापता थापता बोलून गेले, "येतं की. अख्खा बोर्ड बदलायचा, त्याच्याबरोबर पंखा आणि तांब्याची नळी बदलायची. फक्त तसला बोर्ड कुणाकडे आहे ते माहीत पाहिजे." पोरगं माझ्या तोंडाकडे बघतच राहिलं. मग म्हणालं, "एवढं करण्यापेक्षा नवा घेतलेला काय वाईट?" मी म्हटलं, बरोबर आहे बाबा, पुण्याचा माणूसही तेव्हा हेच म्हणाला होता. पण आमच्या दशरथला ते पटलं नव्हतं.

मी बोरी बुद्रुकला पिठाची गिरणी चालवणारी बाई. लॅपटॉपच्या पोटात काय असतं हे मला ठाऊक असायचं काही कारण नाही. जे आहे ते सगळं दशरथकडून आलेलं आहे, आणि त्याने ते माझ्या डोक्यात घातलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं.

दशरथ आमचा भाडेकरू. गिरणीला लागून रस्त्याच्या अंगाला आमची एक खोली होती. तिच्यात खताच्या रिकाम्या गोण्या आणि उंदीर असा संसार चालू होता. ब्याण्णव-त्र्याण्णवचा सुमार असेल. एक दिवस हा उंच, काटकुळा माणूस दारात उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, ह्या खोलीत फोटो स्टुडिओ टाकायचा म्हणतोय."

मी म्हटलं, "भाऊजी, खोली बघा केवढी. माणूस आत गेला तर कॅमेरा बाहेर राहील."

त्याने आत एक चक्कर मारली, मागच्या भिंतीवर टिचकी मारून बघितली आणि म्हणाला, "वाढवता येतं."

हे त्याचं पेटंट वाक्य. पुढच्या पंधरवड्यात मागची भिंत खरोखरच मागे सरकली. मागे आमचा उकिरडा होता, म्हणून कुणी हरकत घेतली नाही.

दशरथचं घराणं मेंढरांचं. वडील म्हादूबाबा दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचे आणि पाऊस लागायच्या आत वर यायचे. दशरथ थोरला, तेव्हा त्यानेच मेंढरांमागे जायचं हे घरात धरून चाललेलं. पण कोकणातल्या एका जत्रेत त्याने कापडाच्या खोपटातला फोटोवाला बघितला आणि ह्याचं डोकं फिरलं. धाकट्या भावाच्या हातात काठी दिली आणि हा कॅमेऱ्यामागे लागला. चालायचा मात्र कायम मेंढरांमागे चालल्यासारखाच, लांब ढांगा टाकत, थोडा पुढे वाकून.

लोकांच्या खिशाला पेन असतं, ह्याच्या खिशाला स्क्रू ड्रायव्हर असायचा. समोर दिसेल ते उघडून बघायचं आणि त्यात काहीतरी जास्तीचं घालायचं, ही खोडच होती त्याला. मोटरसायकलचं कॅरिअर वाढवून त्यावर तिपाई, छत्री आणि दिव्यांची पेटी एकदम बसवली. टीव्हीच्या अँटेनाला परात जोडली. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना नवरदेवाच्या आजीच्या चष्म्याची काडी लोंबकळताना त्याला दिसली, तर ह्याने कॅमेरा गळ्यात सोडला आणि तिथल्या तिथे स्क्रू आवळून दिला. आजी म्हणाली, "आता दिसली बाई नवरी." त्याची बायको पारूबाई माझ्याकडे दळण घेऊन आली की म्हणायची, "घरातलं समदं वाढवलं ह्यांनी. माझ्या म्हायेरच्या मुक्कामाचं दिवस तेवढं कधी वाढवलं न्हाईत."

स्टुडिओत फोटोमागे लावायचा एक रंगवलेला पडदा त्याने आणला होता. बर्फाचे डोंगर, निळं तळं, तळ्यात हंस. गावाला तो आवडला, पण येणारा-जाणारा म्हणायला लागला, "राव, डोंगर झ्याक हायेत, पर आपला शिवनेरी न्हाई त्यात." दुसरा कुणी असता तर हसून सोडून दिलं असतं. दशरथने जुन्नरहून पेंटर बोलावला आणि त्या बर्फाच्या डोंगरांच्या मधोमध शिवनेरी काढून घेतला. पेंटर हुशार निघाला. बाकीच्या डोंगरांशी मेळ बसावा म्हणून त्याने शिवनेरीवरही थोडा बर्फ टाकला. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत भिंतीवर नवरा-बायको ताठ उभे आहेत आणि त्यांच्या मागे शिवनेरीवर बर्फ पडलेला आहे. आजवर कुणी तक्रार केलेली मला ठाऊक नाही.

पुढे व्हिडिओ शूटिंग आलं, आणि दोन हजारच्या आगेमागे त्याने मोठा कॉम्प्युटर आणला. लग्नाच्या कॅसेटी त्यात भरायच्या, त्यावर गाणी, नावं, फुलं चढवायची आणि सीडी काढायची. ह्याला तो मिक्सिंग म्हणायचा. ते झालं की मशीन सगळी चित्रं एकत्र शिजवत तासन्‌तास बसायचं, त्याला म्हणायचा रेंडर. नवरी कमळातून बाहेर यायची. नवरदेव बदामात फिरायचा. तो कॉम्प्युटर त्याने इतक्यांदा उघडला की शेवटी त्याला झाकणच उरलं नाही. ग्राफिक्सचं एक कार्ड काढायचं, पुण्याहून दुसरं मोठं आणून त्याच खाचेत बसवायचं. प्रत्येक वेळी मला बोलवायचा, "वहिनी, बघा, वाढवलं."

मी बघायची आणि म्हणायची, "भाऊजी, आत पीठ साचलंय."

कारण गिरणी शेजारी. आणि पिठापेक्षा मोठी कटकट विजेची. माझी मोटर सुरू झाली की अख्ख्या ओळीतले दिवे मंदावायचे आणि दशरथचा कॉम्प्युटर मान टाकायचा. कमळातली नवरी कमळातच राहायची. मग आमचं ठरलं. रेंडर चालू असला की त्याने दाराला लाल फडकं बांधायचं, आणि फडकं सुटेपर्यंत मी गिरणी चालू करायची नाही. बाया बाजरीचे डबे घेऊन ओट्यावर बसायच्या. कुणा नव्या बाईने विचारलं, "गिरणी का बंद?" तर जुनी सांगायची, "दशाभाऊकडं लगीन चाललंय. अक्षदा पडल्या की दळण व्हईल."

असं बरं चाललं होतं. मग दोन हजार सातच्या सुमाराला आळेफाट्याचा किसन लग्नात लॅपटॉप आणायला लागला.

किसन दशरथच्याच वयाचा, त्याच धंद्यातला. आज लग्न लागलं की उद्या पूजेच्या संध्याकाळी तो वधूवरांच्या घरी पडदा लावून लग्नाची फिल्म दाखवायचा, गोल फिरणाऱ्या नावांसकट. आणि भारनियमनात वीज गेली तरी बॅटरीवर त्याचं काम चालू. आमच्याकडे दशरथची सीडी यायला महिना लागायचा. तोवर पोरगी सासरी रुळून दोनदा माहेरी येऊन गेलेली असायची. हळूहळू बोरीतली लग्नं किसनकडे जायला लागली. दशरथच्या दाराला लाल फडकं दिसेनासं झालं. मला गिरणी केव्हाही चालू करता यायची, आणि खरं सांगते, ते मला बरं वाटत नव्हतं.

म्हादूबाबा तोवर थकले होते. कोकणात धाकटा जायचा आणि हे दिवसभर स्टुडिओच्या ओट्यावर चातीवर लोकर कातत बसायचे. बोलणं कमी. त्यांनीच बेल्ह्याच्या बाजारात स्वतःच्या वाटणीची मेंढरं विकली आणि दशरथला लॅपटॉपला पैसे दिले. पण माझ्यादेखत अट घातली.

"चैतापातूर बघू," ते म्हणाले. "त्या डब्यानं लग्नं आणली तर ठीक. न्हाईतर त्यो इकायचा, मेंढरं घ्यायची आन्‌ म्होरल्या दिवाळीला तू भावासंगं कोकणात उतरायचं. धाकटा एकला कुठवर वढंल?"

दशरथने मान डोलावली. चाळिशी गाठलेला माणूस, पण बापापुढे पोरगाच.

लॅपटॉप त्याने घेतला स्वस्तातला. दुकानदाराने विचारलं होतं म्हणे, ग्राफिक्स साधं चालेल का. ह्याने सांगितलं, चालेल. ह्याचा हिशोब असा की आधी घ्यायचं, मग वाढवायचं. घरी आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी स्क्रू ड्रायव्हर बाहेर आला. मी दळणाचा डबा ठेवून बघायला गेले तर लॅपटॉप पालथा, उघडा, आणि दशरथ त्याच्यात तोंड घालून बसलेला.

"वहिनी, ह्यात कार्डच न्हाई."

"मग चित्रं दिसतात कशी?"

"हा इथं एवढासा काळा चौकोन हाय. पर त्यो बोर्डालाच डकवलाय. खाच न्हाई, काय न्हाई." असा चेहरा केला, जणू कुणी त्याची फसवणूक केली आहे.

त्याच आठवड्यात मला गिरणीचा पट्टा आणायला पुण्याला जायचं होतं. दशरथ लॅपटॉप पिशवीत घालून माझ्याबरोबर एसटीत बसला. एका गल्लीत लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. तिथला चष्मेवाला माणूस शांत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स बदलत नाहीत. चिप बोर्डाला कायमची जोडलेली असते. काही महागड्या मॉडेलांत वेगळी बसवलेली असते, तुमच्यात तशी नाही."

"पण वाढवायचंच म्हटलं तर?"

"तर नवा घ्यायचा."

"आणि नवा न्हाई घ्यायचा म्हटलं तर?"

तो हसला. "तर ह्याच मॉडेलचा, मोठं ग्राफिक्स असलेला दुसरा बोर्ड शोधायचा आणि अख्खा बोर्ड बदलायचा. त्याचा पंखा आणि तांब्याची नळीही घ्यायची, कारण तो जास्त तापतो. पण असा सुटा बोर्ड तुम्हाला मिळणार नाही. मिळाला तरी मी एवढा खटाटोप करायला सांगणार नाही."

परतीच्या गाडीत मी माझा पट्टा सांभाळत गप्प बसले होते. म्हटलं, बिचाऱ्याला कशाला डिवचायचं. तर राजगुरुनगर मागे पडल्यावर हा आपणहून म्हणतो, "बरं झालं आलो. येतं म्हणाला."

"भाऊजी, तो माणूस स्वच्छ नाही म्हणाला."

"बोर्ड बदलता येतो म्हणाला का न्हाई?"

"म्हणाला, पण मिळणार नाही म्हणाला."

"त्यो मिळायचा प्रश्न झाला. येतं का न्हाई, हा प्रश्न वेगळा." आणि मंचरला गाडी थांबल्यावर मला उसाचा रस पाजला. असल्या माणसावर चिडणार तरी कसं.

तोवर आहे त्यावरच काम चाललं होतं. लॅपटॉप रडतखडत रेंडर करायचा, पण करायचा. पौष लागला. पौषात मुहूर्त नसतात, तेव्हा दशरथ आधीची राहिलेली कामं उरकत होता. आणि माघात गावातल्या मोठ्या शेतीवाल्या घरची, गुलाबरावांच्या मुलीची लग्नतारीख धरलेली होती. गुलाबराव म्हणाले होते, "दशा, पूजेच्या संध्याकाळी फिल्म दावशील तर तुला काम. न्हाईतर किसन हायेच." हे काम मिळालं तर गाव परत फिरणार, आणि गेलं तर चैत्रात काठी हातात येणार, हे ओट्यावरच्या म्हाताऱ्यापासून माझ्यापर्यंत सगळ्यांना कळत होतं.

आमच्याकडे पौषातली थंडी हाडात शिरते. असल्याच एका सकाळी मी गिरणी झाडत होते. दशरथ रेंडर लावून अंघोळीला गेला होता. म्हादूबाबा ओट्यावरून उठून आत गेले. थोड्या वेळाने काहीतरी जळकट वास आला म्हणून मी डोकावले. टेबलावर लॅपटॉप दिसतच नव्हता. त्याच्यावर म्हादूबाबांची काळी घोंगडी, चारी बाजूंनी नीट खोचलेली. नवं कोकरू गुंडाळावं तशी. म्हादूबाबा शेजारी उभे होते आणि मला हळूच म्हणाले, "थरथरत व्हतं बिचारं. गारठलं आसंल."

बोलता बोलता त्यांनी घोंगडीखाली हात घातला. थरथरत होता तो आतला पंखा. मी काही बोलणार तोवर दशरथ ओल्या डोक्याने दारात आला. त्याने घोंगडीकडे बघितलं. मग बापाकडे बघितलं. पुढे होऊन त्याने घोंगडी उचलली. पडद्यावर रंगीत रेघा उभ्या-आडव्या नाचत होत्या, बघता बघता त्याही गेल्या आणि काळं झालं. मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार. ओरडायला त्याला पूर्ण हक्क होता.

त्याने घोंगडी घडी घातली, बापाच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "बाबा, बरं केलंत. झोपलंय ते आता. उठवतो मी मागनं. तुमी च्या घ्या जा."

त्या दिवशी दुपारपर्यंत गावभर झालं की दशाभाऊचा लॅपटॉप गिरणीच्या झटक्याने जळाला. दळणाला आलेल्या बाया माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी कुणाचं घर पेटवलंय. मी तडक शेजारी गेले. म्हटलं, "भाऊजी, गिरणी सकाळी बंद होती. माझ्या हातात झाडू होता झाडू. आणि बॅटरीवर चालणाऱ्या मशीनला माझी मोटर काय करणार? खोटं बोलायलाही काही लाज?"

तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. दार ओढून घेतलं. "वहिनी, मीच सांगितलं. पाया पडतो. त्यांनी आपल्या हातानं मेंढरं इकून हे घेतलंय. आपल्याच घोंगडीनं ते गेलं हे कळालं तर जेवायचं न्हाईत ते. तुमची गिरणी दणकट हाय, तिला चार शिव्या पचतील. म्हाताऱ्याला न्हाई पचायच्या."

मी दार उघडलं. आले परत. दुसऱ्या दिवशी एकीने मला तोंडावर विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "हो, झटका बसला खरा. जुनी मोटर आहे." एवढं बोलून तिचं दळण घ्यायला वळले.

दशरथ मात्र हातपाय गाळून बसला नाही. "नायतरी बोर्ड बदलायचाच व्हता," म्हणाला. आणि बोर्ड कुणाकडे आहे ह्याचा त्याला पत्ता लागला होता. किसनकडे. किसनचा लॅपटॉप त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा, फक्त मोठ्या ग्राफिक्सचा. मार्गशीर्षात एका वरातीत बँडला बुजून नवरदेवाची घोडी मागे सरकली आणि खुर्चीवर ठेवलेल्या लॅपटॉपवर तिने पाय दिला. पडद्याचा चुरा झाला. बोर्ड शाबूत होता. किसनने नवा लॅपटॉप घेतला आणि जुना घरात पडून होता.

पण ज्याच्यामुळे आपला धंदा बसला त्याच्याच दारात जाऊन मागायचं कसं? दशरथ दारात गेलाच नाही, मोडका लॅपटॉप घेऊन बाजारात ये असा निरोप धाडला. किसनचं घर बैलांच्या व्यापारातलं, बेल्ह्याच्या बाजाराला तो हमखास असायचा. आम्हीही त्या दिवशी गाय बघायला गेलो होतो. बघते तर बैलांच्या दावणीशेजारी किसन आणि दशरथ समोरासमोर उभे. दोघांचे हात एका उपरण्याखाली. आमच्याकडे जनावराचा सौदा असाच होतो. तोंडाने आकडा बोलायचा नाही, कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून सांगायचं, म्हणजे बाजूच्यांना कळत नाही. दोघंही गप्प, चेहरे दगडासारखे. भोवती माणसं जमली. एका म्हाताऱ्याने विचारलं, "पावणं, जनावर कुठंय?" किसनने काखेतल्या पिशवीकडे हनुवटी केली. त्यात तो फुटका लॅपटॉप होता. म्हाताऱ्याने पिशवीत डोकावून बघितलं आणि म्हणाला, "दात दाखव की मग."

बोटांची भाषा संपली, उपरणं निघालं, दोघांनी एकमेकांच्या हातावर हात मारला. काय ठरलं ते मला दशरथने परत येताना टेम्पोत सांगितलं. पैशाचं बोलणंच झालं नव्हतं. बोटांनी दोघं तारखा मोजत होते. वैशाखात एकाच मुहूर्तावर चार-चार लग्नं येतात, किसन एकटा पुरत नाही. त्या दाट तारखांना दशरथ त्याचा दुसरा कॅमेरा होणार, आणि त्याच्या बदल्यात किसन बोर्ड देणार आणि बोरीची लग्नं सोडणार.

बोर्ड बसवायला दोन दिवस लागले. नवा पंखा जाड निघाला, तेव्हा गरम सुरीने लॅपटॉपचं बूड कापून जागा केली. "वाढवलं," एवढंच म्हणाला. चालू केलं आणि पडदा उजळला. जुनं लग्न लावून बघितलं तर जे काम सकाळपासून जेवणापर्यंत चालायचं ते चहा होईपर्यंत झालं. पण तापायचा तो जाम. मग दशरथने आमची कांद्याची चाळ मागितली. माघात चाळ रिकामीच असते. चारी बाजूंनी फटी, खालून वारा. तिथे टोमॅटोचं क्रेट उपडं घालून त्यावर लॅपटॉप ठेवला आणि खाली धान्य वारवायचा पंखा लावला. म्हणाला, "कांदा टिकतो तर हा का न्हाई टिकणार?" गुलाबरावांच्या मुलीच्या लग्नाची फिल्म आमच्या कांद्याच्या चाळीत शिजली, हे त्या घरात अजून कुणाला माहीत नसेल.

पूजा गुलाबरावांनी आपल्याच घरी ठेवली होती. त्या संध्याकाळी त्यांच्या अंगणात पांढरी चादर बांधली होती. अख्खी आळी लोटली होती. नवरी चंद्रामागून आली, फुलं पडली, दोघांची नावं गोल फिरत एकमेकांत गुंतली. नवरीची आजी म्हणाली, "ही बया चंद्रावर कधी जाऊन आली?" नवरदेवाचा मामा जेवताना दिसला तेवढा तुकडा लोकांनी परत परत लावायला लावला. मी पडद्याकडे कमी आणि मागे बसलेल्या म्हादूबाबांकडे जास्त बघत होते. ते गुडघ्यावर हनुवटी टेकवून शेवटपर्यंत बघत राहिले. उठताना म्हणाले, "बरं हाय." त्यातून मला काही अर्थ लावता आला नाही.

चैत्र लागला. एक दिवस म्हादूबाबा स्वतः ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत आले. घरात दळण आणायला पारूबाई असताना हे कशाला आले, मला कळेना. म्हणाले, "सूनबाई, बंद कर जरा तुझी गिरणी." मी बंद केली.

"हिवाळाभर लई बोल लागला हिला. त्यो माझा व्हता."

मी म्हटलं, "छे हो बाबा, झटका बसला होता."

"तू नगं सांगूस. कोकरू तापलंय का न्हाई ते मी अंधारात हात लावून सांगतो. त्या घोंगडीखाली हात घातला तवा चटका बसला मला. तवाच समजलं, हे थंडीनं न्हाई थरथरत. घोंगडी काढणार तवर दशा दारात."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"बोलणार व्हतो. तवर त्यो म्हणला, बाबा, बरं केलंत." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते, आणि ते त्याने लपवले नाहीत. "माझ्यापायी त्यानं खोटं उभं केलं. ते मी कुठं पाडू?"

मी हळूच विचारलं, "चैत लागला. मेंढरांचं काय ठरवलंत?"

"मेंढरं धाकटा बघंल. गडी ठीवंल हाताखाली. दशा हितंच ऱ्हाईल." डबा उचलताना वळून म्हणाले, "मला ठावं हाय म्हणून त्याला सांगू नगंस."

म्हणजे बघा. मुलगा म्हणतो बापाला सांगू नका, बाप म्हणतो मुलाला सांगू नको. आणि मध्ये मी आणि माझी गिरणी, दोघी पिठाने पांढऱ्या आणि नावाने काळ्या.

त्यानंतर म्हादूबाबा दशरथबरोबर लग्नांना जायला लागले, दिवा धरायला. शूटिंगचा तो मोठा दिवा कुणाच्या हातात स्थिर राहत नसे. हे आयुष्यभर काठी टेकून कळपाशेजारी उभे राहिलेले, ह्यांचा हात हलायचा नाही. पुढे दशरथचा जम बसला आणि त्याने मंचरला मोठा स्टुडिओ केला. म्हादूबाबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. दशरथ मंचरला गेल्यावर आमची भेट नाही, फोनवर खुशाली कळते तेवढीच. मला तो शेवटचा दिसला तो मंचरला जायच्या आधी, माझ्या भाचीच्या लग्नात, येडगावला. म्हादूबाबा तेव्हा होते.

लग्न मोठं होतं, म्हणून किसन आणि दशरथ दोघंही कॅमेरे घेऊन आले होते. एव्हाना दोघांची चांगलीच गट्टी जमली होती. म्हादूबाबा दिवा धरून मांडवात उभे. मी पाहुण्यांना फेटे वाटत होते, तर किसनला मस्करी सुचली. सगळ्यांच्या देखत मोठ्याने म्हणाला, "वहिनी, तुमचे लई उपकार. तुमच्या गिरणीनं ह्याचं मशीन जाळलं म्हणून माझा पडून राहिलेला बोर्ड कामी आला. खरंच जाळलं का हो गिरणीनं?"

लोक हसले. आणि दशरथने कॅमेऱ्यातून डोळा काढून माझ्याकडे बघितलं. त्याच वेळी म्हादूबाबांचा तो कधी न हलणारा दिवा खाली झुकला आणि त्यांनीही माझ्याकडे बघितलं. बापाला मुलाची काळजी, मुलाला बापाची, आणि दोघांचा जीव माझ्या जिभेवर टांगलेला.

मी म्हटलं, "हो, जाळलं. माझीच मेली गिरणी द्वाड आहे. आता नवी मोटर बसवलीय, पण नाव गेलं ते गेलंच."

दशरथने हसून पुन्हा डोळ्याला कॅमेरा लावला. म्हादूबाबांनी दिवा उचलला आणि नवरीला सोडून थेट माझ्यावर धरला. भाचीकडे त्या लग्नाची सीडी अजून आहे. तिच्यात नवरी अंधारात आहे, नवरदेव अर्धा दिसतो, आणि मधोमध मी, हातात फेटे घेऊन, उजेडाने डोळे गच्च मिटून हसते आहे.